मुके जाते: एका लहान वस्तुसंग्रहालयातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या लहान वस्तुसंग्रहालयातील आहे. संग्रहालयाची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील वगळले आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी या कामात बाहेरची सल्लागार म्हणून दीड वर्ष सहभागी होते, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील निम्म्या माझ्या आहेत.

रोजच्या वापरातील वस्तूंना संग्रहालयात मानाची जागा देण्याची वाट महाराष्ट्रात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पुण्यात घालून दिली. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी या गोष्टी त्यांनी राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतक्याच आस्थेने जमवल्या. आमच्या संग्रहालयाच्या मूळ संग्राहकांनीही तोच वसा घेतला होता. गावोगावी मोडकळीस आलेल्या वाड्यांतून आणि जुन्या बाजारांतून त्यांनी समया, पानाचे डबे, शेर-अधोली-पायलीची मापे, पेरणीची पाभर, चामड्याची मोट आणि जाती गोळा केली. त्यांच्या पश्चात हा संग्रह एका संस्थेकडे आला, काचेच्या पेट्या आल्या, फलक आले आणि वस्तूंना क्रमांक मिळाले.

नोंदवहीत एका ठिकाणी 'जाती: ४' अशी नोंद आहे. ती वाचून प्रशिक्षणासाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने निरागसपणे विचारले होते की, संग्रहालय जातींची नोंद कशासाठी ठेवते? आम्ही सगळे हसलो. पुढे काम सुरू झाल्यावर लक्षात आले की प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. ते जाते कोणत्या घरातले, कोणाच्या हातचे, हे त्या नोंदीत कुठेच नव्हते.

अडचण

चारपैकी एकच जाते दालनात मांडलेले होते. त्याच्या पेटीवर फलक होता: 'जाते. दगड. धान्याचे पीठ दळण्यासाठी. अंदाजे १०० वर्षे जुने.' या चार वाक्यांतील एक वाक्य चूक होते, पण ते आम्हाला बऱ्याच नंतर कळले.

व्यवस्थापन समितीची तक्रार अशी होती की, लोक शस्त्रांच्या दालनात रेंगाळतात आणि गृहोपयोगी वस्तूंच्या दालनातून चालतच बाहेर पडतात. उपाय सुचवण्याआधी मी काही रविवारी दुपारी त्या दालनात नुसती बसून राहिले. तरुण मंडळी 'जातं' एवढा एकच शब्द उच्चारून पुढे जात होती. वयस्क बायका मात्र थांबत. काचेला हात टेकून त्या सोबतच्या नातवंडाला काहीतरी सांगत: पहाटे किती वाजता उठावे लागे, सासूबरोबर दळताना खुंट्यावर कोणाचा हात वर असे, माहेरच्या जात्याचा आवाज कसा वेगळा होता. संग्रहालयाच्या फलकावर नव्हती इतकी माहिती तिकीट काढून आत येणाऱ्यांकडे होती, आणि ती सांगून ते निघून जात होते. दालनाच्या दारात बसणाऱ्या पहारेकऱ्यांनी अशा गोष्टी वर्षानुवर्षे ऐकल्या होत्या. त्यांना त्याबद्दल कोणी कधी विचारले नव्हते.

खरी अडचण ही होती. समितीने ती 'आकर्षण कमी पडते' अशी मांडली होती, आणि अडचण तशी मांडली की उपायही रोषणाईचेच सुचतात.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मोठ्या फलकांचा होता. तो स्वस्त होता, आणि काही गोष्टी फलकानेच सांगता येतात. उदाहरणार्थ, दळण रोजच्या रोज का करावे लागे, हे बहुतेक तरुण प्रेक्षकांना ठाऊक नसते. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते, ज्वारीचे पीठ शिळे झाले की भाकरी थापताना तुटते. म्हणून आठवड्याचे पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय नव्हती. डिझेल इंजिनावरची आणि पुढे विजेवरची गिरणी गावात येईपर्यंत घरात खाणारी तोंडे जितकी, तितके दळण रोज पहाटे ठरलेले. एवढे कळले तरी त्या दगडाकडे पाहण्याची नजर बदलते. पण फलक लांबला की वाचणारे कमी होतात.

दुसरा पर्याय ध्वनिमुद्रित ओव्यांचा होता: पेटीजवळ बटण, आणि दाबले की आवाज. महाराष्ट्रात या बाबतीत फार मोठे काम आधीच झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, आणि आज त्यांतील अनेक गाणाऱ्या बाईच्या नावागावासह वाचता आणि ऐकता येतात. नावागावासह हा भाग आमच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. 'लोकगीत' म्हटले की ते कोणाचेच नसते असा आपला एक सोयीस्कर समज आहे.

तिसरा पर्याय समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना मनापासून आवडलेला होता: जात्यापाशी बसलेल्या स्त्रीचा पूर्णाकृती पुतळा. त्याला माझा विरोध होता, आणि तो केवळ आवडीनिवडीचा नव्हता. पुतळ्याला लुगडे कोणते नेसवायचे, कासोटा कसा घालायचा, कपाळाला कुंकू लावायचे की नाही, हातात चांदीच्या पाटल्या घालायच्या की काचेच्या बांगड्या, यातील प्रत्येक उत्तर त्या बाईची जात, परिस्थिती आणि वैवाहिक स्थिती ठरवून टाकते. नोंदवहीत जे नाही ते शिल्पकाराच्या अंदाजाने कायमचे ठरले असते, आणि प्रेक्षकांनी तेच खरे मानले असते.

चौथा पर्याय प्रत्यक्ष दळून दाखवण्याचा होता. वस्तू तिच्या वापरासह, माणसांसह दाखवावी हा विचार जगात जुना आहे. स्टॉकहोममध्ये आर्टर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये सुरू केलेले स्कान्सेन हे खुले संग्रहालय त्याचे ठळक उदाहरण. आपल्याकडे भोपाळच्या मानव संग्रहालयात विविध समाजांतील लोकांनी स्वतः येऊन आपली घरे बांधली आहेत. आमच्याजवळ ना तेवढी जागा, ना तेवढा निधी. पण एक जाते, एक पोते ज्वारी आणि दोन बायका एवढे जमवता येण्यासारखे होते.

शेवटी फलक, आवाज आणि प्रात्यक्षिक या तिन्हींचा मेळ घालायचे ठरले. पुतळा वगळला गेला. ज्येष्ठ सदस्य काही काळ नाराज राहिले.

पहिला प्रयत्न

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. त्या दिवशी काहीतरी करून दाखवायचे अशी घाई होती, आणि त्या घाईत आम्ही एक लोककला पथक बोलावले. पथक चांगले होते, त्यात शंका नाही. ढोलकी होती, हार्मोनियम होते, ध्वनिक्षेपक होता, एकसारखी नऊवारी नेसलेल्या मुली होत्या, आणि मध्यभागी फुलांनी सजवलेले एक जाते होते, ज्यात धान्याचा एक दाणाही नव्हता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइलवर चित्रीकरण केले. कार्यक्रम संपल्यावर दालनात, म्हणजे खऱ्या जात्यापाशी, एकही माणूस गेला नाही.

ओवी ही टाळीसाठी रचलेली नसते. तिची लय ढोलकीतून येत नाही. ती खुंट्यावरच्या हाताच्या फेऱ्यातून, मधूनच वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात धान्याची मूठ, घालण्यासाठी थांबणाऱ्या हातातून आणि दमलेल्या श्वासातून येते. हे मला पुस्तकातून माहीत होते, तरीही पथकाला होकार देणारी मीच होते, कारण तारीख जवळ आली होती.

दुसरा प्रयत्न

संग्राहकांच्या जुन्या वहीत त्या जात्यापुढे एका गावाचे नाव सापडले. ज्या वाड्यातून ते आणले होते तो केव्हाच पडला होता, पण गावात जात्यावर दळलेल्या बायका होत्या. त्यांतील पाच जणी संग्रहालय पाहायला आल्या. हा दिवस या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी पेटीसमोर उभे राहून फलक वाचून घेतला, म्हणजे आमच्याकडून वाचवून घेतला, आणि त्या म्हणाल्या, ''ताई, हे पिठाचं जातं न्हाई, भरडायचं हाय.'' इथे पहिला कठीण निर्णय होता. त्यांना वस्तूला हात लावू द्यायचा का? संग्रहालयाचा नियम स्पष्ट होता. पण दगड काळ्या पाषाणाचा होता, शतकभर वापरलेला होता आणि धुतलेल्या हातांनी त्याचे काही बिघडणार नव्हते. उलट आमचे अज्ञान तेवढे उघडे पडणार होते. संग्रहपालांनी क्षणभर विचार केला आणि पेटीचे कुलूप काढले.

आजींनी दोघींच्या मदतीने वरची तळी उचलून बाजूला ठेवली आणि खालच्या तळीवरून बोट फिरवले. पीठ दळायच्या जात्याला टाकी, म्हणजे दगडावर छिन्नीने मारलेले घाव, बारीक आणि दाट लावलेली असते. इथे घाव रुंद आणि विरळ होते. डाळी भरडण्यासाठी, कण्या काढण्यासाठी हे जाते ठेवलेले होते, आणि वाड्यात पिठाचे जाते दुसरे असणार, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी खुंट्याला हात घातला आणि हसल्या. खुंटा मूळचा नव्हता. पूर्वी कधीतरी वाळवी लागल्यामुळे संस्थेने सुताराकडून नवा, वॉर्निश लावलेला बसवून घेतला होता. ''ह्येला धरून दोघी कशा बसतील? ह्यो खुंटा वडायचा न्हाई, दाखवायचा हाय.'' जोडीने दळताना दोघींचे हात एकाखाली एक बसतील एवढी उंची खुंट्याला हवी. आमचा खुंटा वीतभरसुद्धा नव्हता.

अर्ध्या तासात संग्रहालयाच्या नोंदीतील वापर बदलला, दुरुस्ती उघडकीला आली, आणि त्या वाड्यात असलेल्या पण आता नसलेल्या दुसऱ्या जात्याची माहिती मिळाली. संग्रहालयांची जी व्याख्या त्यांच्या जागतिक संघटनेने (आयकॉम) २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारली तिच्यात समाजाचा सहभाग हे शब्द आले आहेत. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी बोटाने दाखवला गेला.

प्रात्यक्षिकासाठी मूळ जाते वापरायचे नाही, हा दुसरा निर्णय मात्र सहज झाला. पाथरवटाकडून नवे जाते विकत घेतले. तिथेही आमची फजिती झाली. नव्या जात्याच्या पिठात सुरुवातीला दगडाची कच येते, म्हणून पहिली काही दळणे जनावरांना घालायची असतात, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्याच रविवारी प्रेक्षक हौसेने पुड्या बांधून पीठ घरी न्यायला निघाले, तेव्हा बायकांनीच त्यांना अडवले.

पुढचे तीन निर्णय अधिक नाजूक होते.

पहिला पैशांचा. पहिल्या भेटीत संस्थेने बायकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. दुसऱ्या वेळी बोलावणे केले तेव्हा दोघी आल्या नाहीत. खुरपणीचे दिवस होते आणि शालीने बुडालेला रोज भरून निघत नाही. हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही, पहारेकऱ्यांना सांगितले. त्यानंतर दिवसाच्या रोजापेक्षा कमी नाही इतके मानधन आणि एसटीचे भाडे, तेही त्याच दिवशी रोख, असे ठरले. हिशेबनीसांना धनादेश हवा होता. त्यासाठी समितीचा स्वतंत्र ठराव करून घ्यावा लागला. सन्मान आणि मोबदला यांत आपण पहिला निवडतो, कारण तो स्वस्त पडतो.

दुसरा, काय गायचे याचा. समितीला माहेर, भाऊ, पंढरीची वाट या विषयांवरच्या ओव्या हव्या होत्या. त्या होत्याच, पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचे म्हणून जाते दाखवले जाते आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागला ही कथा प्रत्येकीला पाठ होती. पण त्याच बायका सासूच्या जाचाच्या, नवऱ्याच्या दारूच्या ओव्याही गात होत्या, आणि त्यांच्यातील एक जण बाबासाहेबांवरच्या ओव्या गात होती. एका सदस्यांना यातील शेवटच्या 'राजकीय' वाटल्या. अशा ओव्या बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या ठिकाणी संशोधकांनी पूर्वीच ध्वनिमुद्रित केल्या आहेत, हे दाखवल्यावर आक्षेप मागे पडला. दाखला नसता तर तो मागे पडला असता का, याची मला खात्री नाही, आणि ही गोष्ट मला अजून खटकते. ज्या बाईने ओवी गायली तिचे असणे पुरेसा दाखला का ठरू नये?

तिसरा निर्णय आम्ही घेतला नाही. तो आमच्यासमोर घडला. लग्नघरी हळद दळताना जात्याला हळकुंड बांधून सुवासिनींनी ते ओढायचे, ही रीत दाखवायची असे ठरले होते. पाच जणींपैकी एक विधवा होती आणि त्या वेळी ती आपणहून उठून मागे जाऊन बसली. कोणी तिला उठवले नव्हते. त्यावर आजी म्हणाल्या, ''हितं कुणाचं लगीन हाय? ये, बस.'' ती येऊन बसली आणि तिने हळद दळली. हा प्रसंग फलकावर लिहावा का, यावर आमची बरीच चर्चा झाली. रीतीत विधवेला स्थान नव्हते एवढे वाक्य फलकावर घातले. तिच्याबद्दल काही लिहिले नाही. ते तिला विचारल्यावाचून लिहिण्यासारखे नव्हते, आणि विचारणेही अवघड होते.

निष्पत्ती

महिन्यातून दोन रविवारी प्रात्यक्षिक होऊ लागले. त्या दिवशी जात्यापाशी लोक थांबतात, हे निश्चित. व्यायामशाळेत जाणारी मुले ऐटीत बसतात आणि थोड्याच फेऱ्यांत हात बदलतात. आजूबाजूच्या बायका हसतात आणि मग बोलू लागतात. अशा बोलण्यासाठी एक वही ठेवली आहे, आणि तिच्यातून आणखी दोन वस्तूंचे चुकीचे फलक दुरुस्त झाले. कोकणातून आलेल्या एका प्रेक्षकाने, कोठारात 'मोठे जाते' म्हणून नोंदवलेली वस्तू भात भरडायचे घिरट असल्याचे सांगितले. खानदेशातील एक बाई आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात असे सांगून गेल्या. आता फलकावर तीही नावे आहेत.

सर्वांत अनपेक्षित बदल पहारेकऱ्यांत झाला. प्रात्यक्षिक नसते त्या दिवशी तेच प्रेक्षकांना खुंट्याची गोष्ट सांगतात: हा खुंटा खोटा आहे, बघा, आणि का खोटा आहे ते ऐका. बनावट खुंटा काढून टाकायचा आमचा बेत होता. त्यांच्यामुळे तो तसाच ठेवला आणि शेजारी योग्य उंचीचा दुसरा ठेवला.

नुकसानही झाले. सुरुवातीला प्रात्यक्षिक दालनातच होत असे. सांडलेले पीठ चटईखाली आणि फरशीच्या सांध्यांत राहिले आणि काही आठवड्यांत पोरकिडे आणि झुरळे दिसू लागली. शेजारच्या पेटीत लोकरीची घोंगडी आणि चामड्याची मोट होती. वेळीच लक्षात आले म्हणून त्या वाचल्या, परंतु त्यानंतर प्रात्यक्षिक बाहेरच्या पडवीत हलवावे लागले. त्यामुळे दळणारे जाते आणि पेटीतले जाते यांच्यामध्ये आता एक भिंत आहे, आणि सर्वच प्रेक्षक ती ओलांडून आत जात नाहीत. कीड की अंतर, यात आम्ही अंतर पत्करले.

ध्वनिमुद्रणाचे बटण दोनदा बिघडले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे एका ओवीत गाणाऱ्या बाईने आपल्या वारलेल्या भावाचे नाव गुंफले होते. मुद्रणाला तिने संमती दिली होती, अंगठाही केला होता. दोन महिन्यांनी तिचा मुलगा आला आणि म्हणाला, ''मामाचं नाव रोज बटण दाबून वाजतंय, आईला ते सोसत न्हाई.'' मुद्रण त्याच दिवशी काढले.

आज पुन्हा करायचे झाल्यास

संमतीपासून सुरुवात करेन. गाताना दिलेली संमती आणि आपलाच आवाज परक्या खोलीत ऐकल्यावर दिलेली संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रण आधी गाणारीला आणि तिच्या घरच्यांना ऐकवायचे, काही दिवस जाऊ द्यायचे, मग विचारायचे, आणि पुढे केव्हाही ते मागे घेता येईल हे तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायचे, असा क्रम हवा होता.

पथक बोलावणार नाही. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात पहारेकऱ्यांशेजारी बसून त्यांनी काय काय ऐकले आहे ते लिहून घेईन. आम्ही ते केले, पण वर्षभराने.

कीटकनियंत्रणाचा विचार प्रात्यक्षिकाच्या आधी करेन आणि पडवीतून दालनातले जाते दिसेल अशी खिडकी सुरुवातीलाच मागेन; आता भिंत फोडायला परवानगी मिळत नाही.

एका प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. या पाच जणींनंतर काय? त्यांच्या सुना गिरणीतून पीठ आणतात, आणि आणावेच. पहाटेच्या त्या कष्टांत परत जावे असे त्यांच्यापैकी एकीलाही वाटत नाही. ''गिरणी आली तवा पेढं वाटावं वाटलं,'' असे आजी म्हणाल्या होत्या. हे वाक्य आम्ही फलकावर घेतले, ओव्यांच्या बरोबरीने आणि त्याच आकाराच्या अक्षरांत.

सध्याची अडचण मात्र साधी आहे. पडवीतल्या जात्याची टाकी बोथट झाली आहे आणि पीठ जाडेभरडे पडू लागले आहे. पूर्वी गल्लीतून हाळी देत जाणाऱ्या टाकीवाल्या बायका आता येत नाहीत. पहारेकऱ्यांनी शेजारच्या तालुक्यातील एका पाथरवटाचा पत्ता काढला आहे, आणि तो येईपर्यंत रविवारी ज्वारीऐवजी हरभऱ्याची डाळ भरडली जाते.